कोरा साचा आणि भरलेली फाइल

वाचकांचे प्रश्न : स्वरलेखन

मागच्या अंकात लिलीपाँडबद्दल लिहिलं आणि या महिन्याचं निम्मं टपाल त्यावरच आलं. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लिलीपाँड हे स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन, छापायचं मोफत सॉफ्टवेअर. हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोघा डच तरुणांनी ते १९९६ मध्ये सुरू केलं. यात माउसने स्वर ओढून ठेवत नाहीत. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये स्वर अक्षरांनी टाइप करायचे, त्यावरून ते पीडीएफ काढून देतं आणि सांगितलं तर ऐकायला मिडीही. सोबत फ्रेस्कोबाल्डी नावाचा एडिटर घ्यावा. डावीकडे मजकूर, उजवीकडे छापील पान, आणि पानावरच्या स्वरावर क्लिक केलं की कर्सर मजकुरात नेमक्या त्या जागी जातो.

आज्ञांची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. टाइप मात्र रोमन लिपीतच करायची आणि आधी बॅकस्लॅश लावायचा. लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, हेही ध्यानात असू द्या.

ताई, मी शरणपूर रोडवरच्या एका चर्चच्या कॉयरला शिकवतो. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास आणि ऑर्गन. नवं गीत आलं की आधीच्या गीताची फाइल 'सेव्ह अ‍ॅज' करतो आणि त्यावर नवे स्वर चढवतो. नाताळच्या तालमीत नव्या गीताखाली जुन्याचं तिसरं कडवं छापून आलं आणि टेनरवाल्यांनी ते इमानेइतबारे म्हटलंसुद्धा. एकदाचा साचा करावा म्हणतो. कुठून सुरुवात करू?

मास्तर, तुमचे टेनर गुणी आहेत, समोर आलेलं गातात. रविवार कारंजाजवळ मी डीटीपी करायचे तेव्हा लग्नपत्रिकांचं असंच चालायचं. जुन्या पत्रिकेवर नवी चढवायची, आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' याखाली मागच्या लग्नातली चिल्लीपिल्ली तशीच राहायची. भरलेली फाइल कितीही नीट पुसली तरी कुठल्यातरी कोपऱ्यात काही उरतंच. म्हणून साच्यात कुठलंही गाणं नसावं, एकाही गाण्याची एकही ओळ नसावी.

गाण्याच्या फाइलमध्ये तीन गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात: स्वर, शब्द आणि मांडणी. पहिल्या दोन दर गाण्याला बदलतात, तिसरी वर्षभर तीच असते. ती तिसरी वेगळ्या फाइलमध्ये काढा. तिला 'मांडणी' किंवा हवं ते नाव द्या आणि प्रत्येक गाण्याच्या वर 'इन्क्लूड' या आज्ञेने ती आत घ्या. ही फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये असेल तर फ्रेस्कोबाल्डीच्या प्रेफरन्सेसमध्ये इन्क्लूड पाथ म्हणून तो फोल्डर एकदा दाखवून ठेवा, म्हणजे दर वेळी पूर्ण पत्ता टाइप करावा लागत नाही.

मांडणीच्या फाइलमध्ये काय ठेवायचं? एक, स्टाफचा आकार. तो मुळात २० पॉइंट असतो. तुमच्या कॉयरमध्ये चष्मेवाले निम्मे तरी असणार, तेव्हा २२ किंवा २३ करा. पानं थोडी वाढतील, पण तालमीत 'मास्तर, दिसत नाही' कमी होईल. दोन, पहिल्या ओळीचं इंडेंट शून्य. तीन, पानाच्या तळाशी सॉफ्टवेअरच्या नावाची जी ओळ येते ती बंद. टॅगलाइन म्हणतात तिला. आणि चार, शब्दांचा फाँट, हे सगळ्यांत महत्त्वाचं. लिरिक्सच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे गीताच्या शब्दांच्या विभागात, नोटो सेरिफ देवनागरीसारख्या एका फाँटचं नाव स्पष्ट लिहा. नाव दिलं नाही, किंवा दिलेला फाँट त्या कॉम्प्युटरवर नसला, तर सॉफ्टवेअर मिळेल तो देवनागरी फाँट उचलतं. मग अक्षरांची रुंदी बदलते आणि तुमच्या घरी दोन पानांत बसलेलं गीत ऑर्गनवाल्याच्या घरी अडीच पानं होतं. म्हणून कॉयरला एल-वाय फाइल, म्हणजे तुम्ही टाइप केलेली मूळ फाइल, पाठवू नका, पीडीएफ पाठवा. त्यात फाँट आतच असतो.

आता चार आवाजांची चौकट. ती तुम्ही बांधायचीच नाही, कारण लिलीपाँडसोबत ती तयार येते. 'एसएटीबी डॉट एल-वाय' नावाची फाइल आतच असते. तुमच्या फाइलमध्ये सोप्रानोम्युझिक, आल्टोम्युझिक, टेनरम्युझिक, बासम्युझिक अशा नावांखाली स्वर लिहायचे, 'की' आणि 'टाइम' यांत स्वरपट्टी आणि ताल, व्हर्सवन, व्हर्सटू यांत कडवी, ऑर्गनचे दोन हात पियानोच्या उजव्या-डाव्या हाताच्या नावांत, आणि अगदी शेवटच्या ओळीला ही फाइल इन्क्लूड करायची. शेवटीच हं. आधी घातलीत तर तिला तुमचे स्वर दिसणारच नाहीत. दोन आवाज एका स्टाफवर हवे असतील, जसे उपासनेच्या पुस्तकात छापतात, तर 'टू व्हॉइसेस पर स्टाफ' चालू करायची एक ओळ पुरते. जे कडवं लिहिलं नाही ते ती छापत नाही, तेव्हा तिसऱ्या कडव्याचा तुमचा घोळ तिथेच संपला.

पुढेमागे स्वतःची चौकट बांधलीत तर एक पथ्य पाळा. रिकामा साचासुद्धा विनातक्रार छापून आला पाहिजे. म्हणून प्रत्येक नावाखाली निदान एका मापाचा (दोन उभ्या रेघांमधल्या भागाचा) विराम घालून ठेवा. रिकाम्या साच्यानेच लाल अक्षरांत एरर दिली, तर उद्या स्वर भरल्यावर चूक तुमची की साच्याची हे शोधण्यात रात्र जाते. नावांमध्ये आकडे घालू नका, आकडा लागला की नाव तुटतं. आणि कॉमेंट मराठीत लिहा. टक्क्याच्या चिन्हापुढे काहीही लिहिलं तरी सॉफ्टवेअर ते वाचत नाही. 'इथे दुसरं कडवं', 'इथून ऑर्गन एकटा' असं साच्यातच लिहून ठेवलं की तुमच्या गैरहजेरीत दुसऱ्या कोणालाही तो भरता येतो. फाइल तेवढी यूटीएफ-८ मध्ये सेव्ह झालेली हवी.

शब्दांची फोड हा आपला मराठीचा खास जाच. एका शब्दाची अक्षरं स्वरांवर वाटताना मध्ये दोन हायफन, दोन्ही बाजूंना जागा सोडून. 'कृपा' सरळ आहे: कृ, मग पा. 'भक्ती'ला मात्र लोक 'भक्' आणि 'ती' असं तोडतात आणि पहिल्या स्वराखाली पाय मोडलेला क छापून येतो. उच्चाराच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पण डोळ्याला खुपतं. मी 'भ' आणि 'क्ती' तोडते. गाणाऱ्याला शब्द माहीत असतो, तो आपोआप बरोबर म्हणतो. तुम्हाला पटेल ते ठरवा, पण सगळ्या गीतांत एकच पद्धत ठेवा आणि ती साच्याच्या कॉमेंटमध्ये लिहून टाका. एका अक्षरावर दोन-तीन स्वर फिरत असतील तर त्यांना कंसाची स्लर घाला, शब्द आपोआप थांबून राहतात.

आता या सोयीतली मेख. मांडणीची फाइल सगळ्या गीतांना सामाईक झाली, म्हणजे तिच्यात केलेला बदल सगळ्यांना लागतो. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत तुम्ही स्टाफ २३ वरून २१ वर आणला आणि पुढच्या डिसेंबरात नाताळचं जुनं गीत पुन्हा काढलं, तर त्याची पानं वेगळ्या ठिकाणी उलटतील. ऑर्गनवाल्याने जुन्या प्रतीवर पेन्सिलीने केलेल्या खुणा मग नव्या प्रतीशी जुळायच्या नाहीत. यावर माझा उपाय जुना प्रेसचा आहे. गीत चालू असेपर्यंत सामाईक फाइल वापरा. कॉयरला प्रती वाटल्या की मांडणीच्या फाइलची एक प्रत त्या गीताच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि इन्क्लूडची ओळ तिच्याकडे वळवा. तिथून पुढे ते गीत गोठलं.

सरळ माउसने स्वर ठेवायची सॉफ्टवेअर्स आहेत, त्यांतही टेम्प्लेट मिळतात. मग ही टाइपिंगची कटकट कशाला? (पंचवटी)

वर्षातून एखाददुसरं गाणं लिहीत असाल तर नकोच. म्यूझस्कोर घ्या, तेही मोफत आहे, त्यात साचे आहेत आणि मांडणी वेगळी सेव्ह करायची सोयही आहे. टाइपिंगची मजा तेव्हा कळते, जेव्हा एकाच प्रकारची बरीच गाणी असतात किंवा एकाच गाण्याच्या बऱ्याच प्रती वेगवेगळ्या रूपांत हव्या असतात. पुढची दोन उत्तरं वाचा आणि ठरवा.

मी इंदिरानगरला गाण्याचे क्लास घेते. मुलींना अभंग आणि छोटे ख्याल शिकवते. काही जणी कीबोर्ड आणि व्हायोलिनही शिकतात, त्यांच्यासाठी बंदिशी स्टाफवर लिहून द्यायच्या आहेत. प्रत्येकीची पट्टी वेगळी आणि तालाच्या खुणाही हव्यात. असा साचा होईल का?

होईल, आणि माझ्या मते लिलीपाँडचा खरा उपयोग इथेच आहे. एक आधीच सांगते, भातखंडे पद्धतीच्या लेखनाची, म्हणजे खाली आडवी रेघ, वर टिंब वगैरेची, तयार सोय यात नाही. आपल्याला स्टाफवरच बोलायचं आहे.

बंदीश नेहमी सा म्हणजे सी धरून लिहा. सी, डी, ई, एफ, जी, ए, बी हे शुद्ध सात. अक्षरापुढे 'ईएस' लावलं की कोमल, 'आयएस' लावलं की तीव्र, ही मूळची डच पद्धत आहे. म्हणजे कोमल रे 'डीईएस', तीव्र म 'एफआयएस', कोमल नी 'बीईएस'. फक्त ई आणि ए या स्वरांना नुसता 'एस' पुरतो: कोमल ग 'ईएस', कोमल ध 'एएस'. मुलींना हे अर्ध्या तासात येतं, मोठ्यांना थोडा वेळ लागतो.

पट्टी साच्याच्या सगळ्यांत वर एका ओळीत ठेवा आणि शेवटी सगळं गाणं 'ट्रान्सपोज' या आज्ञेत गुंडाळा: सी वरून अमुक स्वरावर. एका मुलीची काळी चार, दुसरीची काळी पाच, तर तेवढी एक ओळ बदलायची आणि पुन्हा छापायचं. मात्र काळी पट्टीचं नाव देताना कोमल बाजूचं द्या. काळी एकला सी-शार्प म्हणालात तर सात शार्प, म्हणजे तीव्राच्या खुणा, डोक्यावर बसतात, डी-फ्लॅट म्हणालात तर पाच फ्लॅट, म्हणजे कोमलच्या. काळी दोन म्हणजे ई-फ्लॅट, तीन फ्लॅट. काळी चार म्हणजे ए-फ्लॅट, चार फ्लॅट. जी-शार्प म्हणालात तर दुहेरी शार्प येतात आणि व्हायोलिनवाली मुलगी क्लास सोडते. काळी पाच म्हणजे बी-फ्लॅट, फक्त दोन. काळी तीनला सुटका नाही, इकडून सहा नि तिकडून सहा.

थाटाचंही असंच आहे. 'की' आज्ञेत मेजर-मायनरखेरीज जुने मोडही चालतात. बिलावलला मेजर, कल्याणला लिडियन, खमाजला मिक्सोलिडियन, काफीला डोरियन, आसावरीला मायनर, भैरवीला फ्रिजियन. दहातले सहा थाट असे चपखल बसतात. भैरव, पूर्वी, मारवा, तोडी मात्र बसत नाहीत. त्यांना मेजर ठेवा आणि कोमल-तीव्र त्या त्या स्वरावर दिसू द्या. शिकणाऱ्याला तेच सोपं पडतं.

आता ताल. यासाठी स्वरांच्या जोडीने एक अदृश्य ओळ चालवायची. 'एस' हे अक्षर म्हणजे काहीच न छापणारी जागा, पण तिच्या डोक्यावर मजकूर ठेवता येतो. तीनतालात एक मात्रा म्हणजे क्वार्टर नोट धरली तर एक विभाग एका मापात बसतो. चार मापांच्या चार अदृश्य जागा, डोक्यावर क्रमाने फुली, २, शून्य आणि ३, शेवटी ओळ तोडायची 'ब्रेक' आज्ञा, आणि हे सगळं 'रिपीट अनफोल्ड'मध्ये घालून हवी तेवढी आवर्तनं. कागदावर दर ओळीला एक आवर्तन येतं, सम कायम ओळीच्या सुरुवातीला. हा भाग तालाच्या नावाने वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. तीनतालाची एक, झपतालाची दोन-तीन-दोन-तीन अशी एक, रूपकाची तीन-दोन-दोन अशी, शून्याने सुरू होणारी. अभंगासाठी आठ मात्रांची एक. बंदीश बदलली तरी तालाची फाइल तीच, नुसती इन्क्लूड करायची.

तीनतालाच्या मात्र दोन फाइली लागतील. बऱ्याच बंदिशींचा मुखडा नवव्या मात्रेपासून उठतो. त्यासाठी शून्य आणि ३ या दोन मापांनी सुरू होणारी वेगळी फाइल करा, नाहीतर सम ओळीच्या मध्यावर येते आणि डोळा फसतो. प्रत्येक मापाच्या शेवटी उभी रेघही टाइप करा. ती छपाईसाठी नाही, तपासणीसाठी आहे. एखाद्या मापात मात्रा कमी-जास्त पडली की सॉफ्टवेअर ओळीच्या नंबरासकट सांगतं.

विलंबित ख्याल यात घालू नका, हा माझा स्पष्ट सल्ला. एका मात्रेत जे घडतं ते स्टाफवर उतरवलं की कागद मुंग्यांनी भरतो आणि गाणं त्यात नसतंच. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वतःची स्वरलिपी बसवली, त्या लिपीत पुस्तकं छापली आणि उतारवयात आपल्या पंचवटीत येऊन राहिले. लेखनावर एवढा जीव असलेला माणूस शिकवत मात्र समोर बसवूनच असे.

नाशिकरोडच्या एका शाळेत मी बँड बसवतो. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, आल्टो सॅक्सोफोन, युफोनियम आणि ड्रम. २६ जानेवारीच्या संचलनासाठी दर धून पाच वेळा वेगवेगळी लिहावी लागते. प्रत्येक वाद्याचा वेगळा साचा करू का?

मुळीच नको. पाच साचे म्हणजे पाच ठिकाणी दुरुस्ती. स्वर एका फाइलमध्ये, ऐकू येतात त्या खऱ्या पट्टीत. दुसरी फाइल सांगाड्याची, तिच्यात प्रत्येक वाद्याचा एक 'बुक' ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकला 'बुक आउटपुट सफिक्स'ने वाद्याचं नाव दिलं की एकाच दाबात पाच पीडीएफ पडतात, नावासकट.

पट्टीचा हिशोब सांगाड्यातच कायमचा घाला. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बी-फ्लॅटची (कागदावरचा सी वाजवला की बी-फ्लॅट ऐकू येतो अशी) असतील तर बी-फ्लॅटवरून वरच्या सीवर, म्हणजे एक पूर्ण स्वर वर. आल्टो सॅक्सोफोन ई-फ्लॅटचा, त्याला ई-फ्लॅटवरून वरच्या सीवर, म्हणजे मेजर सिक्स्थ वर. युफोनियमवाला मुलगा बास क्लेफ (ओळीच्या सुरुवातीची खालच्या स्वरांची खूण) वाचत असेल तर काहीच बदलायचं नाही. ट्रेबल वाचत असेल तर एक सप्तक आणि वर एक पूर्ण स्वर. म्हणून साच्याआधी मुलाला विचारा, कुठला क्लेफ येतो ते. सूचना फक्त एकाच वाद्याला हवी असेल, 'इथे ट्रम्पेट थांबा' अशी, तर तिला त्या वाद्याच्या नावाचा 'टॅग' लावा आणि प्रत्येक वाद्याच्या ब्लॉकमध्ये ज्याच्या त्याच्या नावाने 'कीप विथ टॅग' म्हणा, म्हणजे बाकीच्यांच्या कागदावर ती येत नाही. मुलं कागद वाद्याच्या चिमट्यात लावून चालतात, तेव्हा कागद ए-५ आडवा ठेवा. ए-४ वाऱ्याने उडतो.

ड्रमच्या मुलांना लिहून द्या. पण तेच गणपतीत ढोल वाजवायला गेले की तिथे कागद काढू नका. नाशिक ढोल लिहून वाजत नाही, आणि पथकातला मोठा पोरगा हसेल ते वेगळंच.

कॉलेज रोडच्या माझ्या सरांनी त्यांचा जुना साचा पेन ड्राइव्हवर दिला. माझ्या लॅपटॉपवर तो उघडला तर एररच एरर. साचा बिघडला आहे का?

साचा ठीक असेल, सॉफ्टवेअर पुढे गेलं आहे. आज्ञांची नावं अधूनमधून बदलतात. रिकामी मापं एकत्र करून छापायची आज्ञा पूर्वी 'कॉम्प्रेस फुल बार रेस्ट्स' होती, आता 'कॉम्प्रेस एम्प्टी मेझर्स' आहे. अशा वेळी फ्रेस्कोबाल्डीच्या टूल्स मेन्यूमध्ये 'कन्व्हर्ट-एल-वाय'ने अपडेट करायची सोय आहे. काय काय बदललं तेही ती दाखवते, ते नीट वाचून मगच मान्य करा.

तिला फाइलच्या पहिल्या ओळीत 'व्हर्जन' हवं असतं, म्हणजे कुठपासून कुठवर बदल करायचे ते कळतं. सरांच्या फाइलमध्ये ती ओळ नसेल तर सरांनाच फोन करा, ती लिहिली तेव्हा कुठलं व्हर्जन होतं म्हणून. त्यांनाही आठवत नसेल तर 'ओव्हरराइड'च्या ओळी पाहा. नावांच्या मध्ये टिंबाऐवजी जागा, हॅश आणि एकेरी अवतरण असेल तर फाइल बहुधा २.१८ च्या आधीची. आणि साच्यात इन्क्लूड केलेल्या फाइली आपोआप बदलत नाहीत. त्या एकेक उघडून प्रत्येकीवर हेच करावं लागतं, तेव्हा सरांकडून नुसता साचा आणला असाल तर त्यांच्या मांडणीची फाइलही मागून घ्या.